तेरेफा : जनावराची इजा आणि यहुदी धर्मशास्त्र

जत-आटपाडी भागात जनावरांवर उपचार करताना वैरणीबरोबर तार गिळलेली म्हैस अनेकदा समोर येते. ती तार पोटाच्या जाळीदार कप्प्यात अडकते, पुढे सरकली तर हृदयाच्या आवरणापर्यंत जाते. नेमका हाच प्रश्न सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी तालमूद या यहुदी धर्मशास्त्राच्या ग्रंथातील ‘हुल्लिन’ या भागात चर्चिला गेला आहे, हे वाचून मी अक्षरशः थक्क झालो. कापलेल्या जनावराच्या त्या कप्प्याच्या भिंतीत सुई सापडली आणि ती एकाच बाजूने रुतलेली असली, तर मांस चालते; आरपार गेलेली असली, तर ते निषिद्ध ठरते.

आजारी जनावराचे मांस यहुदी धर्मात सरसकट वर्ज्य असते, ही समजूत बरोबर नाही. रानात श्वापदाने फाडलेले मांस खाऊ नये, अशी यहुदी धर्मग्रंथातील ‘निर्गम’ या पुस्तकात आज्ञा आहे. पुढे शास्त्रकारांनी तिची व्याप्ती वाढवली आणि ज्या इजेनंतर जनावर बारा महिने जगू शकत नाही, अशी प्रत्येक इजा ‘तेरेफा’ मानली. तालमूदचा मूळ गाभा असलेल्या ‘मिश्ना’ या नियमसंग्रहात अशा अठरा अवस्था दिल्या आहेत, तर बाराव्या शतकातील यहुदी धर्मशास्त्रकार मायमोनिडीस यांनी त्यांची यादी सत्तरपर्यंत नेली. अन्ननलिकेला पडलेले छिद्र, मेंदूच्या आवरणाला गेलेले भोक, तुटलेला मज्जारज्जू या त्यांतल्या काही. उलट, मरणासन्न जनावर कापल्यानंतर त्याने पाय झाडले, तर ते खाण्यास मोकळे असते. काटेकोर माणसे मात्र तेही टाळीत.

दर वेळी न चुकता तपासायचा अवयव म्हणजे फुफ्फुस. छातीत हात घालून ते बरगड्यांना कुठे चिकटले आहे का, हे चाचपतात. मग बाहेर काढून हवा भरतात आणि संशयाच्या जागी पाणी लावून बुडबुडा येतो का, ते पाहतात. न्युमोनिया होऊन गेलेल्या मेंढ्यांची चिकटलेली फुफ्फुसे मी शवविच्छेदनात कितीतरी पाहिली आहेत, त्यामुळे ही तपासणी किती मर्मावर बोट ठेवणारी आहे, हे मला पटते. अशा चिकट पट्ट्यांबाबत धर्मशास्त्रकार योसेफ कारो यांचा निर्णय कडक होता, तर पोलंडमधील क्राकोचे धर्मशास्त्रकार मोझेस इसेर्लेस यांनी हलक्या हाताने चोळून सुटणाऱ्या पट्ट्यांना सूट दिली. द्रव भरलेल्या गाठीमुळे मात्र मांस आपोआप निषिद्ध होत नाही. आमच्या पशुवैद्यकशास्त्रात तशी गाठ दिसली की तो अवयव बाजूला काढावा लागतो, कारण आम्ही खाणाऱ्याच्या प्रकृतीचा विचार करतो आणि ते जनावराच्या जगण्याचा.

यादीतील एखादी इजा प्राणघातक नाही असे वैद्यकाने दाखवले तरी यादी बदलायची नाही, असे मायमोनिडीस स्पष्ट सांगतात, आणि ते स्वतः वैद्य होते. उपचार करणाऱ्या माणसाला हे सहज पचणारे नाही. तरीही मला त्यांची भूमिका प्रामाणिक वाटते, कारण धर्माच्या नियमाला वैद्यकाचा आधार आहे, असा आव त्यांनी आणला नाही.