आमची वाटचाल : गॅसमधला टार मोजताना

कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगरात आमचे वर्कशॉप सुरू झाले तेव्हा तेथे बॉयलरचे प्रेशर गेज आणि थर्मोकपल दुरुस्त होत असत. पुढे काही कारखानदारांनी लाकूड आणि ब्रिकेटवर (भुशाच्या दाबून केलेल्या ठोकळ्यांवर) चालणारे गॅसिफायर, म्हणजे अपुऱ्या हवेत इंधन जाळून त्याचा ज्वलनशील गॅस करणाऱ्या भट्ट्या, बसवले, त्या गॅसमधल्या टारने, म्हणजे डांबरासारख्या चिकट पदार्थाने, इंजिनांचे व्हॉल्व्ह चिकटू लागले, आणि गॅस कितपत स्वच्छ आहे हे मोजून देणारे जवळपास कोणी नसल्यामुळे ते काम आमच्याकडे आले.

इंजिनाला द्यायच्या गॅसमध्ये टार घनमीटरमागे 100 मिलिग्रॅमच्या आत असावा, असे साधारणपणे मानले जाते. डाउनड्राफ्ट (गॅस खालून बाहेर काढणाऱ्या) गॅसिफायरच्या कच्च्या गॅसमध्ये तो सुमारे 1 ग्रॅम, तर अपड्राफ्टच्या (गॅस वरून बाहेर काढणाऱ्या गॅसिफायरच्या) गॅसमध्ये 50 ग्रॅमच्या घरात असतो. आम्ही युरोपातील सीईएन/टीएस 15439 या पद्धतीने नमुना घेतो : गॅस तापवलेल्या नळीतून आणि फिल्टरमधून आयसोप्रोपॅनॉल या टार विरघळवणाऱ्या द्रावकाच्या बाटल्यांच्या रांगेत सोडायचा, त्यांतील काही बाटल्या उणे 20 अंशांवर ठेवायच्या, आणि नंतर द्रावक उडवून मागे उरलेला टार वजन करायचा. पहिल्या बाटलीतले द्रावण बघता बघता कोऱ्या चहासारखे होते. शेवटची बाटलीही पिवळी पडली, तर टार पुढे निसटत आहे असे समजून आम्ही नमुना बाद करतो.

खरी गोम नळीत असते. ती थंड राहिली की जड टार तिच्या भिंतीवरच जमतो, बाटलीपर्यंत पोहोचत नाही आणि अहवाल छान दिसतो. तापवलेली नळी वगळून दर कमी करा, असा आग्रह अनेकांनी धरला. त्या अटीवर आम्ही काम घेत नाही, आणि त्यापायी काही ग्राहक गेलेही. धूलिकण मोजताना नळीच्या तोंडाशी गॅसचा वेग मुख्य पाइपातील वेगाइतकाच ठेवावा लागतो, तो वेगळाच व्याप.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंचीवर असल्यामुळे येथे हवेचा दाब कमी असतो. गॅस-मीटरवरचे आकारमान 0 अंश आणि समुद्रसपाटीच्या दाबाला आणले नाही, तर 30 अंशांच्या दिवशी टार सुमारे 15 टक्क्यांनी कमी दिसतो. म्हणून तापमान आणि दाब आम्ही अहवालातच छापतो.

या गॅसमध्ये सुमारे 20 टक्के कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्या विषाला स्वतःचा वास नसतो, त्यामुळे पंपातून सुटणारा गॅस शेडबाहेर नेणारा पाइप आणि खिशातला अलार्म यांशिवाय आमचा माणूस व्हॉल्व्ह उघडत नाही. अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइडसाठी वेगळ्या द्रावणांच्या बाटल्या लागतात. ते काम आता हाती घेतले असून त्याचा दर स्वतंत्र आहे.