तुम्ही विचारलंत म्हणून: कळवण्यासारखं काही नसेल तर काय लिहायचं?

आमच्या एमबीएच्या बॅचची खबरबात गोळा करण्याचं काम माझ्याकडे कसं आलं, हे आता कोणालाच धड आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच, की शेवटच्या दिवशी कोणीतरी एक वही फिरवली, सगळ्यांनी त्यात पत्ते लिहिले आणि फिरत फिरत ती माझ्याकडे येऊन थांबली. ती अजून माझ्याकडेच आहे. वर्षातून दोनदा मी सगळ्यांना निरोप धाडते, ‘काय चाललंय? चार ओळी लिहा’, आणि जे येईल ते जुळवून पत्रक करून पाठवते. त्यावर सगळ्यांत जास्त वेळा येणारं उत्तर असं: ‘अगं, माझ्याकडे कळवण्यासारखं काहीच नाही. काय लिहू?’

दरवेळी मी ‘लिही रे काहीतरी’ म्हणून वेळ मारून नेते. यंदा नीट उत्तर देते.

ज्याला बढती मिळालेली असते तो हा प्रश्न कधीच विचारत नाही. त्याचा मजकूर तयार असतो, बहुधा कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकातून जसाच्या तसा उचललेला. दोन वर्षं ज्याच्या शेजारी बसून मी ब्रेक-इव्हनची गणितं उतरवून घेतली, तो मला स्वतःबद्दल लिहून पाठवतो, ‘ते सध्या समूहाच्या विस्ताराची धुरा सांभाळत आहेत.’ ते! विचारणारे वेगळे असतात. एकाच कंपनीत एकाच पदावर चौदा वर्षं असलेला. धंदा काढून गुंडाळलेला. घटस्फोटाची तारीख पडलेली. नोकरी सोडून घरच्या आजारपणात अडकलेली. यांच्याकडे सांगायला काही नसतं असं नाही. जे आहे त्याला आमच्या पत्रकात रकाना नसतो, एवढंच.

हे रकाने मी पाडलेले नाहीत, हेही सांगून टाकते. ही रीत अमेरिकेतल्या विद्यापीठांची. तिथे प्रत्येक वर्षाच्या बॅचचा एक ‘क्लास सेक्रेटरी’ असतो आणि त्याने जमवलेल्या लग्नांच्या, मुलांच्या, नोकऱ्यांच्या, मृत्यूंच्या नोंदी माजी विद्यार्थ्यांच्या मासिकात छापल्या जातात. येलचं असं नियतकालिक 1891 पासून निघतं, प्रिन्स्टनचं 1900 पासून. हार्वर्डची बिझनेस स्कूल 1908 साली सुरू झाली तेव्हा हा साचा तयारच होता. प्रिन्स्टनच्या अंकात सर्वांत जुनी बॅच आधी येते. म्हणजे नव्या पदवीधरांचं वर्ष अगदी शेवटी, आणि जसजसा काळ जातो तसतसं ते पहिल्या पानाकडे सरकत जातं. हे पुढे सरकणं म्हणजे बढती नव्हे, हे लक्षात यायला काही वर्षं जावी लागतात.

पण माझा राग रकान्यांवर नाही. आपण दोन वर्षं वर्गात काय केलं ते आठवा. केस वाचल्या, म्हणजे एखाद्या कंपनीपुढचा पेच मांडणारी प्रकरणं. 1919 साली हार्वर्डच्या बिझनेस स्कूलचे डीन झालेले वॉलेस डॉनम हे कायद्याचे पदवीधर. कायद्याच्या वर्गात खटले समोर ठेवून शिकवायची रीत आधीपासून होती, तीच धंद्याच्या वर्गात रुजावी म्हणून त्यांनी जोर लावला. तेव्हापासून केसचा थाट ठरलेला आहे. पहिल्या परिच्छेदात एक मॅनेजर खिडकीबाहेर बघत बसलेला असतो, सोमवारी संचालक मंडळाला काय सांगायचं या विचारात. पुढे वीस पानं आकडे, तक्ते, परिशिष्टं. आणि केस संपते ती त्याने काहीही ठरवण्याआधी. आपण रात्री दोनपर्यंत भांडायचो ते त्या न घेतलेल्या निर्णयावर.

पदवी हातात पडली आणि आपण एकमेकांना बरोबर उलटं पाठवायला लागलो. निकाल तेवढा, केस गायब. ‘नवी जबाबदारी स्वीकारली.’ ‘सहकुटुंब परदेशी स्थलांतर.’ ‘कन्यारत्न.’ अहो, पण तो खिडकीबाहेर बघणारा माणूस कुठे गेला?

इतकी वर्षं हा मजकूर चाळून मला त्यातली सांकेतिक भाषा वाचता येऊ लागली आहे. ‘स्वतंत्र सल्लागार’ म्हणजे नोकरी गेली, निदान पहिले सहा महिने तरी. ‘कुटुंबाला वेळ द्यायचं ठरवलं’ हे पुरुषाने लिहिलं तर वरिष्ठांशी बिनसलं, बाईने लिहिलं तर बहुतेकदा खरंच. ‘या प्रवासाने खूप शिकवलं’ म्हणजे पैसे बुडाले. कुचेष्टा करत नाहीये. मीही एकदा सात महिने स्वतंत्र सल्लागार होते. त्या सात महिन्यांत एकाही माणसाने मला कसलाही सल्ला विचारला नाही. त्या खेपेच्या पत्रकात सगळ्यांचं होतं, माझ्या नावापुढे काहीच नव्हतं, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. बातम्या गोळा करणाऱ्याला तेवढी सोय असते.

बायकांच्या गप्प होण्याला तर आकड्यांचाही आधार आहे. मॅरिआन बर्ट्रांड, क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थतज्ज्ञांनी शिकागो विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमधून 1990 ते 2006 या काळात एमबीए झालेल्यांच्या कमाईचा माग काढला आणि 2010 साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. गोल्डिनबाईंना पुढे 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पदवीनंतर लगेच स्त्री-पुरुषांची कमाई जवळपास सारखी, दहा वर्षांनी मात्र मोठी दरी, असं त्यांना आढळलं. एमबीएतले विषय आणि गुण यांतला फरक हे एक कारण, नोकरीत पडलेले खंड हे दुसरं, आठवड्याचे कामाचे तास हे तिसरं. यातले खंड आणि कमी झालेले तास मुख्यतः मूल होण्याशी जोडलेले.

हा अभ्यास वाचल्यावर मी आमच्या जुन्या पत्रकांची चळत काढून बसले. आमच्यातले जे बाप झाले त्यांच्या नोंदीत बढती आणि मुलगा एकाच वाक्यात येतात, मध्ये एक स्वल्पविराम. ज्या आई झाल्या त्यांची नावं तिथूनच पुसट होत जातात. पहिलं मूल, नोंद आहे. दुसरं मूल, नोंद आहे. मग पाच वर्षं काही नाही, आठ वर्षं काही नाही. आणि या कोण, तर वर्गात हात वर करून करून प्राध्यापकांना नको जीव करून सोडणाऱ्या मुली! विचारलं की तेच. कळवण्यासारखं काही नाही गं.

त्यांतल्या एकीचं सांगते. नाव घालायला तिची परवानगी नाही, बाकीच्याला आहे. ऑपरेशन्सच्या, म्हणजे उत्पादन-व्यवस्थापनाच्या, तासाला फळ्याजवळ जाऊन सरांची चूक दुरुस्त करणारी ही मुलगी. नऊ वर्षांत तिच्याकडून ओळ नाही. मागच्या खेपेला रात्री उशिरा तिचा संदेश आला आणि मी उघडेपर्यंत तिने तो पुसलाही. ‘हा संदेश पुसला आहे’ एवढंच उरलं. सकाळी फोन केला.

‘अगं, चुकून गेलं ते. विशेष काही नाही. आईकडे असते.’

मी गप्प राहिले. फोनवर गप्प राहणं ही माझी या कामात कमावलेली एकमेव कला आहे.

मग ती बोलायला लागली. आईला स्मृतिभ्रंश. संध्याकाळ झाली की आई बेचैन व्हायची, घरभर फिरायची, घरी जायचंय म्हणायची. हिने फ्रिजच्या दारावर कंट्रोल चार्ट लावला. ऑपरेशन्समध्ये शिकलो होतो तोच, वरची मर्यादा, खालची मर्यादा, मधली रेघ. औषधाची वेळ, दुपारची झोप, कोण येऊन गेलं, संध्याकाळी किती त्रास झाला, सगळं रोज टिपायचं. तीन महिन्यांनी तिला दिसलं की ज्या दुपारी आईने धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या, त्या संध्याकाळी ती शांत होती. पण रोज एवढे कपडे धुवायला आणायचे कुठून? तर आता बारा टॉवेल आहेत. आई दुपारी त्यांच्या घड्या घालते, कडेला कड जुळवून, हाताने वरून दाबून. ही ती चळत आतल्या खोलीत नेते, सगळे विस्कटते, पुन्हा टोपलीत भरून बाहेर आणते. ‘आई, एवढे राहिलेत बघ.’

‘तेच बारा,’ ती म्हणाली. ‘दिवसाला तीन फेऱ्या. थ्रूपुट शून्य. सरांना सांगू नकोस.’ (थ्रूपुट म्हणजे तयार होऊन बाहेर पडलेला माल.)

आणि दोघी इतक्या हसलो की तिच्या आईने आतून विचारलं, कोण आलंय.

यात केस आहे की नाही सांगा. आकडे आहेत, परिशिष्ट फ्रिजवर आहे, निर्णय अर्धवट आहे, निकाल लागलेला नाही आणि लागेल तेव्हा तो कळवावासा वाटणार नाही. मी पत्रकात बिननावाने छापलं, ‘आपल्यातली एकजण रोज दुपारी बारा टॉवेल विस्कटते’, आणि खाली फोनवर ऐकलेलं थोडक्यात. त्या खेपेला तीन बढत्या होत्या, एक कंपनी विकली गेली होती. त्यांतल्या कशावरही कोणी मला चकार शब्द लिहिला नाही. टॉवेलवर लिहिलं. धुरा सांभाळणाऱ्या ‘त्यांनी’ पहिल्यांदाच प्रथमपुरुषी लिहिलं, ‘माझ्या वडिलांचं असंच सुरू झालंय. तक्ता कसा आखला ते तिला विचारशील का?’ मी दोघांचा फोन जोडून दिला आणि बाजूला झाले.

आता कोणीतरी म्हणेल, बाईंचं हळवं झालं, नेटवर्किंगचं काय? तर त्याचंही ऐका. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, की ज्या ओळखीतून नोकरी मिळाली ती व्यक्ती तुम्हाला किती वेळा भेटायची? वारंवार म्हणणारे 16.7 टक्के, अधूनमधून 55.6 टक्के, क्वचित 27.8 टक्के. 1973 सालचा तो निबंध. कॉलेजातला जुना मित्र किंवा पूर्वीचा सहकारी, ज्याच्याशी जेमतेम संबंध उरलाय, असे लोक त्यात बरेच निघाले. पुढे 2011 साली लेव्हिन, वॉल्टर आणि मर्निघन या तिघांनी एक्झिक्युटिव्ह एमबीएच्या, म्हणजे नोकरी करता करता शिकणाऱ्या, विद्यार्थ्यांना सांगितलं, वर्षानुवर्षं न बोललेल्या ओळखीच्या माणसाला गाठा आणि कामातल्या अडचणीवर सल्ला विचारा. असे सल्ले चांगलेच उपयोगी आणि नवे निघाले. कारण सोपं आहे. रोज भेटणाऱ्याला तेच माहीत असतं जे आपल्याला. मात्र सल्ला मागायचा तर अडलंय हे आधी सांगावं लागतं. ‘विस्ताराची धुरा’ वाचून कोण कोणाला मदत करणार?

माझ्या हातून चुकाही झाल्या आहेत. एकदा उत्तर न आलेल्यांच्या नोंदी मी मागच्या पत्रकावरून तशाच उचलल्या, आणि वेगळं राहू लागलेल्या मित्रापुढे ‘पत्नी व दोन मुलांसह’ छापून मोकळी झाले. त्याचं उत्तर दोन शब्दांचं आलं: ‘पत्ता बदल.’ तेव्हापासून जुनं काही उचलत नाही. कोणी कळवलं नाही तर जागा कोरी राहते. पगाराचे आकडे छापत नाही, मुलांचे मार्क छापत नाही. दुसऱ्याने कळवलेली तिसऱ्याची बातमी त्या तिसऱ्याला विचारल्याशिवाय छापत नाही, मग ती कितीही गोड असो.

आणि एक नोंद मला स्वतःला लिहावी लागते, आपल्यातलं कोणी वारल्याची. पहिल्यांदा लिहायची वेळ आली तेव्हा मी त्या मित्राची सगळी जुनी कळवलेली पत्रं काढली. चार होती. चारही बढत्या. त्याच्या बायकोने विचारलं होतं, कॉलेजातलं काही आठवतं का तुम्हाला, मुलांना सांगायला? माझ्याकडे त्याची चारही पदनामं होती, तारखांसकट. शेवटी दिवसभर फोन करत बसले. त्याच्या खोलीशेजारी राहणाऱ्याला आठवलं, की परीक्षेच्या दिवसांत पहाटे उठून हा चपला हातात घेऊन व्हरांड्यातून जायचा, झोपलेल्यांची झोपमोड नको म्हणून. पत्रकात ते एवढंच छापलं. पदनामं गाळली.

तर, काय लिहू असं विचारलंत ना? केस पाठवा. सध्या कशावर अडलं आहे, कोणता आकडा जुळत नाही, सोमवारी काय ठरवायचंय. मुलगी बोलत नसेल तर ते. चौदा वर्षं त्याच खुर्चीवर का बसून आहात, तेही चालेल, मला तर ते वाचायची फार उत्सुकता आहे. शंभर शब्द पुरेत. बढती झाली असेल तर तीही कळवा, जागा शिल्लक राहिली तर छापेन.

मुदत महिनाअखेर. उशीर होणार हे धरूनच चालले आहे. पहाटे चारला प्राध्यापकांच्या दाराखालून असाइनमेंट सरकवणारी बॅच ही, आता काय सुधारणार.