अंबाजोगाई, अंबाजोगाई

सोमवार

गिटारवर एकाच तारेवर बोटं भराभर फिरवून स्वर अखंड वाजतोय असा भास करायचा, तो ट्रेमोलो. त्याचे धडे शोधायला गेलं की बरेचसे पाश्चात्त्य शास्त्रीय गिटारचे निघतात. तिथला क्रम चार स्वरांचा : अंगठा, अनामिका, मधलं बोट, तर्जनी. फ्लामेंकोत, म्हणजे स्पेनच्या लोकसंगीतात, पाच : अंगठा, तर्जनी, अनामिका, मधलं, परत तर्जनी. ही पद्धत रूढ करण्याचं श्रेय फ्लामेंको गिटारवादक रामोन मोंतोयांना देतात. नवशिक्यानं आधी एकच धरावी; इथे पाचाची. दोन्ही एकदम घेतल्या की बोटं कुठेच बसत नाहीत.

पाचही स्वर सारख्या अंतरावर पडायला तोंडानं 'अंबाजोगाई' म्हणत वाजवावं. पाच अक्षरं, पाचही गुरू. 'अं'ला अंगठा, 'ई'ला शेवटची तर्जनी. तबला शिकलेल्यांना 'तकतकिट' आठवणारच, पण त्यात दोन-तीन असे तुकडे पडतात आणि जोर नेमका अनामिकेवर जातो. (दुबळ्या अनामिकेला व्यायाम म्हणून तेही वाईट नाही.)

मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ४० ठोक्यांवर. ठोक्याला पाच म्हणजे मिनिटाला २०० स्वर, आणि सुरुवातीला एवढे भरपूर झाले. डावा हात मोकळाच ठेवावा. अंगठा चौथ्या तारेवर, बाकीची बोटं दुसऱ्या तारेवर (मोजणी सर्वांत बारीक तारेपासून). पहिली तार सोपी वाटते, पण तिच्या पलीकडे काहीच नसल्यानं बोट कितीही लांब फेकलं तरी चालून जातं. दुसरीवर तसं केलं की परत येताना पहिलीला धक्का लागतो आणि चोरी पकडली जाते. अंगठा तार छेडून तिसऱ्या तारेवर टेकवायचा. त्यानं हात स्थिर राहतो.

गुरुवार

घोडदौड! अनामिका-मधलं-तर्जनी एका दमात पळतात आणि पुढच्या अंगठ्याआधी खड्डा पडतो. वेग वाढवून हा खड्डा बुजत नाही, नुसता झाकला जातो. कारण सोपं आहे : तीन बोटं मुठीसारखी एकत्र मिटतात, सुटी हलत नाहीत. उपाय कंटाळवाणा आहे. एक स्वर वाजला की पुढचं बोट लगेच तारेवर टेकवून तो बंद करायचा, मग छेडायचं. सगळं तुटक-तुटक ऐकू येतं, तसंच यायला हवं. मोबाइलवर रेकॉर्ड करून निम्म्या वेगात ऐकलं की कुठला स्वर घाईत आहे ते कळतं. तर्जनीला दोनदा पाळी, म्हणून ती दादागिरी करते. तिचा आवाज मुद्दाम कमी ठेवावा. सलग पाच मिनिटं नीट जमलं तरच मेट्रोनोम ४ नं वर. मनगटाशी ओढ जाणवली की थांबायचं.

रविवार

नखं बोटाच्या मांसापुढे एक-दीड मिलिमीटर पुरेत. कानशीनं आकार द्यायचा, मग हार्डवेअरच्या दुकानातला वॉटर पेपर (बारीक पॉलिश कागद), आधी १०००, नंतर २००० नंबरचा. कड खरखरीत राहिली तर तार अडकते आणि आपण उगाच बोटाला दोष देतो.

मराठवाड्यातला मे महिना गिटारला सोसत नाही. तिला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, फ्रेटबोर्डावरच्या (जिथे डाव्या हाताची बोटं दाबतात त्या फळीवरच्या) धातूच्या पट्ट्यांची टोकं बाहेर येऊन टोचू लागतात, जास्त झालं तर वरची फळी तडकते. म्हणून कूलरसमोर बसावं म्हटलं तर तेही चूक : ओलसर झोत थेट लागला की सूर बिघडतात, नखंही मऊ पडतात. कूलर दुसऱ्या कोपऱ्यात, आणि वाजवून झालं की गिटार केसमध्ये बंद. केसमध्ये छोटा आर्द्रतामापक ठेवावा. आकडा ४० च्या खाली गेला तर भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज घालून ती आत ठेवायची, लाकडाला पाणी लागू न देता.