बाजरीला घेऊन नाशिकहून जर्मनीला: आधी तारखा, मग तिकीट

बाजरी आमची गावठी कुत्री. वय अंदाजे पाच, वजन १८ किलो, रंग अगदी बाजरीच्या भाकरीसारखा म्हणून बाजरी. सोमेश्वरच्या रस्त्याला पावसात भिजून कुडकुडताना सापडली होती, तेव्हापासून घरातलीच. नवऱ्याला जर्मनीत डार्मश्टाटला नोकरी लागली तेव्हा पहिला प्रश्न व्हिसाचा नव्हता, बाजरीचं काय हाच होता. गंगापूर रोडवरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्या लोकांनी सांगितलं की कुणाला तरी देऊन टाका, तिकडे जाऊन दुसरी घ्या. त्यांच्याशी वाद घातला नाही पण मनाला लागलं. तिला सोडून जायचं नाही हे आमचं दोघांचं पक्कं होतं.

२९ ऑक्टोबर २०२५ ला सकाळी ती फ्रँकफर्टला उतरली. मधल्या सहा महिन्यांत जे शिकलो ते लिहून ठेवतेय, कारण नाशिकमध्ये हे केलेलं माणूस शोधायला मला फार वेळ लागला.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते. एप्रिलमध्ये आम्ही निवांत होतो कारण बाजरीचं रेबीजचं इंजेक्शन दरवर्षी वेळेवर व्हायचं, कार्डावर सही शिक्का सगळं. मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळख नंबरची बारीक चिप) तेवढी नव्हती, ती काय जाताना बसवू असं वाटलं, आणि ज्यांना विचारलं तेही हो म्हणाले. पण युरोपचा नियम असा आहे की आधी चिप आणि मग रेबीजची लस. चिप बसवण्याआधी दिलेली लस त्यांच्या लेखी दिलेलीच नाही. म्हणजे आमची चार वर्षांची कार्डं तिथे शून्य. हे कळलं तेव्हा नवऱ्याचं जुलैचं तिकीट काढून झालं होतं. तो एकटा गेला, मी आणि बाजरी मागे राहिलो.

आता गणित नीट समजून घ्या. १२ जूनला १५ आकडी चिप बसवली (आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाचीच मागा, साधी कुठलीही चालत नाही) आणि त्याच दिवशी चिप स्कॅन करून, नंबर कार्डावर लिहून मग लस घेतली. त्याच दिवशी चालतं, फक्त क्रम तोच हवा. लसीनंतर किमान ३० दिवस थांबून रक्त काढायचं, आम्ही १४ जुलैला काढलं. या रक्तातल्या रेबीजच्या अँटीबॉडी मोजतात, त्याला टायटर टेस्ट म्हणतात, आणि आकडा ०.५ किंवा त्याच्या वर यायला लागतो. टेस्ट कुठल्याही लॅबची चालत नाही, युरोपियन युनियनने मान्य केलेलीच लॅब हवी, तिची यादी युरोपियन कमिशनच्या वेबसाइटवर आहे, ती स्वतः उघडून बघा, कुणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. आणि इतकं करून लगेच जाता येत नाही. रक्त काढलं त्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. रिपोर्ट आला त्या तारखेपासून नाही, रक्त काढल्याच्या तारखेपासून. आमचे तीन महिने १४ ऑक्टोबरला संपले.

म्हणजे आज चिप बसवलीत तरी कमीत कमी चार महिने हलता येत नाही, आणि आकडा कमी आला तर परत लस, परत रक्त. म्हणून म्हणते, बाहेर जायची नुसती बोलणी चालू असली तरी चिप आणि लस उरकून घ्या. नाही गेलात तर काही वाया जात नाही, आणि एकदा टायटर पास झाली की पुढची लस मुदतीच्या आत घेत राहिलं तर ती टेस्ट आयुष्यभर चालते.

रक्ताचंही थोडं सांगते. रक्तातून सीरम, म्हणजे वरचा पातळ भाग, वेगळं काढून बर्फात पॅक करून पाठवायचं असतं आणि नाशिकमध्ये हे सगळीकडे होत नाही, आधी फोन करून विचारा. ट्यूबवर, फॉर्मवर, पाकिटावर तिन्हीकडे चिपचा नंबर. रिपोर्ट ऑगस्टमध्ये मेलवर आला तेव्हा सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

मालकाचं नाव हा दुसरा मुद्दा. कुत्रा मालकाच्या प्रवासाच्या पाच दिवस पुढेमागे गेला तरच तो घरचा पाळीव प्राणी धरतात, नाहीतर नियम वेगळे आणि कटकट जास्त. नवरा जुलैत गेलेला, त्यामुळे त्याच्या नावावर कागद असते तर अडकलोच असतो. चिपच्या नोंदीपासून सगळं माझ्या नावावर केलं. जो बरोबर उडणार त्याचंच नाव लावा.

क्रेट, म्हणजे कुत्र्याचा प्रवासाचा पिंजरा. आठ किलोच्या आतला, म्हणजे पिशवीसकट आठ किलो, असा छोटा कुत्रा असेल तर काही एअरलाइन्स केबिनमध्ये पायाशी ठेवू देतात. बाजरी त्यात बसत नाही. ती खाली, लगेजच्या भागात, पण तिथे पण हवेचा दाब आणि तापमान सांभाळलेलं असतं, हे मी दहा जणांना विचारून खात्री केली तेव्हा कुठे झोप लागली. क्रेटचं माप आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या, नियमाने घ्यायचं. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीच्या निम्मे मिळवायचे, ती क्रेटची लांबी. रुंदी खांद्याच्या दुप्पट. उंची म्हणजे उभा राहिल्यावर डोक्याचं किंवा कानाचं टोक, जे वर असेल ते, आणि खालचं अंथरूण जमेस धरून. बाजरीचे कान उभे, त्या कानांमुळे आम्हाला एक साइज मोठा, ९१ सेंटिमीटरचा क्रेट घ्यायला लागला. प्लास्टिकच्या क्लिपा काढून लोखंडी नटबोल्ट लावा, दाराच्या चार कोपऱ्यांना केबल टाय मारा, जास्तीचे टाय पर्समध्ये ठेवा. पाण्याची वाटी दाराला आतून अडकवलेली पण बाहेरून भरता येईल अशी. आदल्या रात्री वाटीत पाणी घालून फ्रीझरमध्ये ठेवलं, लोड करताना सांडत नाही आणि हळूहळू वितळतं.

क्रेट ऑगस्टमध्येच आणून हॉलमध्ये ठेवला, दार काढून. पहिला आठवडा ती जवळ पण गेली नाही. मग जेवण आत द्यायला लागलो, मग दार परत बसवलं, मग ते बंद करून पाच मिनिटं, दहा मिनिटं, तास. सासूबाईंनी त्यांच्या जुन्या नऊवारीची गोधडी शिवून आत घातली आणि तिथून बाजरी स्वतःहून आत जाऊन झोपायला लागली. आवाजासाठी तिला ओझरला मामांकडे नेत होतो, तिथे एचएएलची सुखोई विमानं डोक्यावरून जातात. पहिल्यांदा गाडीखाली लपली, चौथ्या वेळेस मान वर करून बघून परत झोपली. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी यावर दोन महिने घालवा. मला विचाराल तर कागदांइतकंच हे महत्त्वाचं आहे, कारण कागद आपल्यासाठी असतात आणि क्रेटमधले ते बारा-चौदा तास त्या मुक्या जिवाला काढायचे असतात.

झोपेचं औषध देऊ नका. खूप जण सांगतात, आम्हालाही सांगितलं. उंचीवर गुंगीच्या औषधाने श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो आणि बऱ्याच एअरलाइन्स गुंगीतला प्राणी घेतच नाहीत. पग, बुलडॉग असे चपट्या नाकाचे असतील तर तिकीट काढायच्या आधी एअरलाइनला विचारा, बऱ्याच जणी लगेजमध्ये घेत नाहीत.

तिकिटाचं पण असंच. प्रत्येक विमानात मोजकेच प्राणी घेतात, त्यामुळे माझं तिकीट आणि बाजरीची जागा एकाच दिवशी पक्की केली, फोनवर क्रेटचं माप आणि वजन सांगून, आणि लेखी मेल येईपर्यंत पिच्छा सोडला नाही. मधे उतरायचं नाही असं थेट मुंबई-फ्रँकफर्ट घेतलं. मधल्या विमानतळावर क्रेट बदलण्यात जीव टांगणीला लागतो आणि मधल्या देशाचे नियम वेगळे असू शकतात. एका एजंटनी सगळं करून देतो म्हणून जो आकडा सांगितला तो आमच्या दोघांच्या तिकिटांच्या दुपटीहून जास्त होता. ज्यांना सुट्टी काढता येत नाही त्यांनी एजंट घ्यावा, बाकी हे स्वतः होतं.

आता शेवटचे दहा दिवस, आणि इथे आमची खरी धावपळ झाली. युरोपचं हेल्थ सर्टिफिकेट तिथे पोचायच्या आधीच्या दहा दिवसांतलंच लागतं आणि ते सरकारी डॉक्टरच्या सहीशिक्क्याचं हवं. आपल्यासाठी ते म्हणजे मुंबईचं अ‍ॅनिमल क्वारंटाइन ऑफिस, एक्यूसीएस म्हणतात. नाशिकमध्ये ही सोय नाही, कुत्र्याला घेऊन मुंबई गाठावी लागते. आणि आमच्या दहा दिवसांच्या मध्येच दिवाळी! २१ ला लक्ष्मीपूजन, २२ ला पाडवा, २३ ला भाऊबीज, म्हणजे हातात राहिले शुक्रवार २४ आणि मग सोमवार-मंगळवार. तुम्ही तारीख ठरवताना कॅलेंडर समोर घेऊन बसा, त्या दहा दिवसांत सण, शनिवार-रविवार किती येतात ते मोजा. मी आधी मोजलं असतं तर नोव्हेंबरचं तिकीट घेतलं असतं.

२४ ला पहाटे साडेचारला नाशिक सोडलं, दीर गाडी चालवायला. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झालाय तो बाजरीसाठी वरदान ठरला, कारण जुन्या कसारा घाटाच्या वळणांवर ती हमखास उलटी करते आणि आता जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून सरळ खाली उतरतो. फक्त पुढे भिवंडी-ठाण्याचं ट्रॅफिक तसंच आहे, तो वेळ धराच. ऑफिसात कुत्र्याला बघितलं, चिप स्कॅन केली, कागद तपासले. तिथे कळलं की मी भरून नेलेला सर्टिफिकेटचा नमुना नुसता इंग्रजीत होता, आणि ज्या देशात पहिल्यांदा उतरणार त्या देशाच्या भाषेतही तो लागतो, म्हणजे इंग्रजी-जर्मन दोन्ही. रात्री घरी येऊन दोन भाषांचा नमुना परत भरला.

सोमवारी दीर एकटे कागद घ्यायला गेले. मी फोटो मागवून चिपचा नंबर एकेक आकडा मोठ्याने वाचला, सासूबाई समोर कार्ड धरून बसलेल्या. अकराव्या आकड्याला त्या म्हणाल्या, "थांब गं, इथे सहा आहे आणि तू नऊ म्हणालीस." आमच्या क्लिनिकने दिलेल्या कागदावरच एक आकडा चुकलेला, तो तसाच पुढे उतरला होता. दीर अजून ऑफिसच्या दारातच होते म्हणून त्याच दिवशी दुरुस्त होऊन मिळालं. गाडीत बसल्यावर कळलं असतं तर काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो. कृपा करून नंबर दोन माणसांनी मिळून तपासा, एकाने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं.

२८ ला दुपारी तीनला थोडा दहीभात देऊन निघालो. नेहमीच्या रस्त्याने जेहान सर्कलवरून गाडी गेली तेव्हा तिला वाटलं फिरायला चाललोय. सासूबाई खाली आल्या नाहीत, गॅलरीतूनच हात केला.

मुंबई विमानतळावर फ्लाइटच्या पाच तास आधी पोचा. चेक-इनला वेळ लागतो, पैसे वेगळ्या काउंटरला भरायचे, आणि क्रेट मशीनमधून तपासतात तेव्हा कुत्र्याला बाहेर काढायला लागतं. त्या गर्दीत पट्टा निसटला तर संपलं, म्हणून नुसती कॉलर नको, हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) घाला. क्रेटवर माझं नाव, दोन फोन नंबर, तिचं नाव आणि "घाबरते, पण चावत नाही" असं इंग्रजीत आणि जर्मनमध्ये लिहिलं होतं. विमानात बसल्यावर मी एअर होस्टेसला सांगितलं की खाली माझी कुत्री आहे, लोड झाली का तेवढं बघता का. दार बंद व्हायच्या आधी ती येऊन हो म्हणाली. मला रडू आवरलं नाही.

नऊ तासांनी फ्रँकफर्ट. मोठ्या सामानाच्या जागी क्रेट आला, आतून शेपटी आपटल्याचा आवाज लांबूनच ऐकू येत होता. कस्टम्सच्या लाल चॅनलमधून जायचं, हिरव्यातून चुकूनही नाही. चिप स्कॅन केली, टायटरचा ओरिजिनल बघितला, शिक्का, झालं. बरोबर चिकन, पनीर, भारतातलं कुत्र्याचं खाणं काही आणू नका, मांस आणि दुधाच्या वस्तू बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे. आणि फॉर्मवर जातीच्या रकान्यात गावठीला उगाच पिटबुल मिक्स वगैरे लिहू देऊ नका. पिटबुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर, स्टॅफर्डशायर बुलटेरियर आणि बुलटेरियर या चार जाती आणि त्यांचे मिक्स जर्मनीत आणता येत नाहीत.

ब्रिटनला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथे विमानाने कुत्रा फक्त कार्गोने येतो आणि पोचायच्या २४ ते १२० तास आधी डॉक्टरकडून टेपवर्मचं (पोटातल्या जंतांचं) औषध द्यायला लागतं. अमेरिकेचे नियम ऑगस्ट २०२४ पासून बदललेत, भारत तिकडे रेबीजच्या जास्त धोक्याच्या यादीत आहे, ठरावीक विमानतळच चालतात. ऑस्ट्रेलियाला भारतातून थेट नेताच येत नाही.

इथे आल्यावर शहराच्या ऑफिसात बाजरीची नोंद केली, कुत्र्याचा टॅक्स भरला, गळ्यात बिल्ला आला. इथल्या डॉक्टरकडून तिचा युरोपियन पासपोर्ट करून घेतला. गोचिडाच्या तापाची रक्त तपासणी त्यांनी आपणहून सुचवली, भारतातून येणाऱ्यांनी ती करून घ्यावी. लांब पल्ल्याच्या ट्रेनमध्ये तिचं अर्धं तिकीट लागतं आणि तोंडाला मझल, म्हणजे मुसकं. मझलची सवय नाशिकलाच लावायला हवी होती, ते राहिलं.

क्रेट अजून हॉलमध्येच आहे, गोधडीसकट, रात्री ती त्यातच झोपते. पुढची रेबीजची लस १२ जूनच्या आत घ्यायची आहे, एक दिवस जरी उलटला तरी टायटर परत पहिल्यापासून. तारीख फ्रिजवर लावलीय आणि नाशिकला सासूबाईंनीही कालनिर्णयवर गोल करून ठेवलाय.