सही केली का?

मासिकात क्रमशः कथा लिहिताना हप्ता कुठं तोडायचा, हे मला गोष्ट सुरू करण्यापेक्षा कायम अवघड वाटत आलं आहे. पुष्कळ लेखक तो संकटावर तोडतात. दारावर थाप पडते, दिवे जातात, कुणीतरी किंचाळतं, आणि खाली ‘क्रमशः’. मी हे कधीच केलं नाही. संकटावर तोडलं की वाचक महिनाभर नुसती वाट बघतो. एखाद्या माणसाला निर्णय घ्यायचाय आणि तो अजून घेतलेला नाही, अशा जागी तोडलं की वाचक महिनाभर भांडतो. बायकोशी, सासूशी, शेजारणीशी. मासिकातली गोष्ट निम्मी त्या भांडणात घडते असं माझं ठाम मत आहे, आणि त्यासाठीच मी आयुष्यभर मासिकांतून लिहिलं.

नोकरी सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून केली. लिखाण पहाटे. हळदीचा हंगाम लागला की आवक एवढी असायची की रात्री उशिरापर्यंत शेतकऱ्यांच्या विक्रीच्या हिशेबाच्या पट्ट्या लिहित बसावं लागे. म्हणून फेब्रुवारी उजाडायच्या आत दोन-तीन हप्ते पुढचे लिहून ठेवायचो. मासिकाला मजकूर महिन्याच्या दहा तारखेच्या आत लागायचा. उशीर झालाच तर सांगलीच्या पोस्टाच्या भरवशावर न राहता रात्रीची सिटी बस पकडून मिरज स्टेशनवर जायचं आणि तिथल्या आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल कचेरीत, पाकीट टाकायचं. दिवसभराची पोस्टं बंद झाली तरी तिथं टपाल घेत आणि ते रात्रीच्या गाडीनं निघे. प्लॅटफॉर्मवरच्या दिव्याखाली बाकावर बसून शेवटच्या पानावरचं एखादं वाक्य बदललं आणि मग पाकिटाला डिंक लावला, असंही झालंय.

आमच्या भागाला मासिकांचं वेड होतं, आणि त्याला कारणही आहे. औंध संस्थानाच्या ओसाड माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तिथं लोखंडी नांगर घडत होते आणि तिथूनच १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. सुरुवातीला ते कारखान्याच्या बातम्यांचं पत्रक होतं. पुढं ते घराघरातलं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. १९३० मध्ये ‘स्त्री’, १९३४ मध्ये ‘मनोहर’. मुंबई-पुण्याबाहेर, एका लहानशा रेल्वे स्टेशनाशेजारी, अख्ख्या महाराष्ट्रानं वाचायची मासिकं निघत होती. माझी आजी चौथी शिकलेली. ती ‘स्त्री’ वाचायची आणि लेखकांना पत्रं पाठवायची. लेखकाला पत्र लिहायचं असतं, हे मी तिच्याकडून शिकलो.

हप्त्याहप्त्यानं कादंबरी छापायची पद्धत त्याहून जुनी. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि आपल्या कादंबऱ्या त्यात आठवड्या-आठवड्यानं दिल्या. दिवाळी अंक नंतरचा. १९०९ चा ‘मनोरंजन’चा अंक पहिला मानतात. दिवाळी अंकाबद्दल मला आदर आहे, त्यात लिहिलंही पुष्कळ, मानधनही तिथं बरं मिळतं. पण दिवाळी अंकातली ‘संपूर्ण कादंबरी’ वाचक भाऊबीजेच्या दुपारी वाचून संपवतो. नंतर पत्र आलं तरी ते संपलेल्या गोष्टीबद्दल असतं. नायिकेला अडवायला, सल्ला द्यायला, तिच्या नवऱ्याला शिव्या घालायला त्याला वावच मिळत नाही.

ज्या कथेबद्दल सांगायचंय ती १९९७-९८ मध्ये एका मासिकात येत होती. हळदीच्या व्यापाऱ्याचं घर, दोन भाऊ, कऱ्हाडला दिलेली एक बहीण. वडील गेलेत. हरिपूरच्या पेवांमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांमध्ये, त्यांची हळद आहे, गावभागात वाडा आहे, आणि भाऊ बहिणीकडे हक्कसोडपत्रावर सही मागतायत. भाऊ वाईट नाहीत. ते तिला साडी घेतात, तिच्या मुलाचं कौतुक करतात, वहिनी पुरणपोळी करते. आणि जेवणं झाल्यावर थोरला म्हणतो, “उद्या सकाळी जरा कचेरीत जाऊन येऊ, अर्ध्या तासाचं काम आहे.” आमच्याकडे हे असंच मागतात, त्यात कुणी आवाज चढवत नाही. महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क देणारा बदल १९९४ मध्ये केला, साऱ्या देशाला तो २००५ मध्ये लागू झाला. बापामागं वारस म्हणून मुलीचा वाटा तर १९५६ च्या कायद्यापासून आहेच. तरी या सह्या होत होत्या आणि अजूनही होतात.

एक हप्ता मी कचेरीच्या बाकावर तोडला. बहिणीच्या हातात पेन आहे, धाकटा भाऊ तिच्यासाठी चहा आणायला गेलाय, आणि ती टेबलावरच्या कागदावर आपलं माहेरचं नाव वाचतेय.

त्या महिन्यात जेवढी पत्रं आली तेवढी आधी कधी आली नव्हती. “सप्रेम नमस्कार, वि. वि.” असं सुरू करून थेट हुकूम: “तिला सही करू देऊ नका.” दुसरं पत्र त्याच्या बरोबर उलट: “मी सही दिली नाही. आज बारा वर्षं माहेरचा उंबरा दिसला नाही. तुमच्या नायिकेला नीट विचार करू द्या.” विट्याच्या एका बाईंनी चार पानं लिहिली होती, शाई दोन रंगांची, मधेच पेन संपलं असणार. यार्डातल्या एका हमालाला त्याची मुलगी माझा हप्ता वाचून दाखवायची. तो पोतं खाली टाकून दारात उभा राहिला आणि म्हणाला, “काय वो दिवाणजी, त्या बाईनं सही केली का न्हाई? घरात दोन रोज त्येच चाललंया.” मी सांगितलं नाही. खरं म्हणजे माझंही अजून ठरत नव्हतं.

पत्रांतून नुसतं मत येत नसे, माहिती येत असे. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी दस्त कसा नोंदवतात ते क्रमानं लिहून पाठवलं: ओळख पटवायला दोन माणसं लागतात, अंगठा उमटवताना हात कसा धरतात, अधिकारी सही कबूल आहे का विचारतो तेव्हा बायका बहुधा भावाकडे बघून उत्तर देतात. हे शेवटचं वाक्य वाचून मी पत्र टेबलावर ठेवलं आणि उठून बाहेर फिरून आलो. हरिपूरच्या एका म्हाताऱ्या माणसानं पेव उघडण्याबद्दल कळवलं. तोंड उघडून लगेच कुणी आत उतरत नाही. आत कोंडलेली हवा माणूस मारते. पेव तासन्‌तास उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून सोडायचा. कंदील तळापर्यंत जळत गेला तरच माणूस जातो. पुढच्या हप्त्यात भावांनी पेव उघडलं तेव्हा मी तो कंदील सोडला, आणि वाट बघत बसलेल्या त्या वेळात दोघा भावांना पहिल्यांदा एकमेकांशी खरं बोलायला लावलं. हे दृश्य त्या पत्रावाचून सुचलंच नसतं.

या सगळ्यासाठी एक वही लागते. कोण किती वर्षांचं, कुणाचा कान कमी ऐकतो, वाड्यात जिना कुठल्या हाताला, कोणता महिना चालू आहे. गोष्टीतला महिना मी शक्यतो अंकाच्या महिन्याशी जुळवायचो. ज्येष्ठात आलेल्या अंकात वटपौर्णिमा, भाद्रपदात गणपती. वाचक पुरणाचा वास येत असलेल्या घरात पुरणाबद्दल वाचतो, ही छोटी गोष्ट नाही. “मागील भागात” ही चौकट संपादकबाई लिहायच्या, पण मी पहिल्याच परिच्छेदात माणसाला त्याच्या कामाला लावायचो, म्हणजे मधूनच वाचायला लागलेल्यालाही तो कोण ते कळावं. जाहिरात आली की फोन यायचा, दीड कॉलम कमी करा. मी करायचो. कापताना संवाद कधी कापला नाही, वर्णन कापलं.

आणि शेवटचे तीन हप्ते उरलेले असताना मासिक बंद पडलं. एक अंक आला नाही, मग दुसरा आला नाही, मग छापील पोस्टकार्ड आलं. कागदाचे भाव, वर्गणीदार घटले, टीव्ही. मानधन थकलं त्याचं फार वाटलं नाही. पण ती बाई अधांतरी राहिली. सही न करता ती उठली होती आणि घरी भाऊ काय म्हणतात ते अजून लिहायचं होतं, तिथं सगळं थांबलं.

पत्रं मात्र थांबली नाहीत. अंकात माझा पत्ता छापलेला असे, त्या पत्त्यावर लोक विचारू लागले. काहींनी परतीचं तिकीट लावलेलं पाकीट घातलं होतं. तेव्हा मी तिन्ही हप्ते लिहिले, हरभट रोडवर झेरॉक्स काढल्या, आणि ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना पोस्टानं पाठवल्या. आमची ही पाकिटांवर पत्ते लिहायला बसली. तिचं अक्षर माझ्याहून स्वच्छ. एका गावच्या ग्रंथपालांनी कळवलं की त्यांनी ती पानं शेवटच्या आलेल्या अंकाला मागून खळीनं चिकटवली आहेत आणि सभासद नंबर लावून नेतायत. कुठल्याही छापील पुस्तकानं मला एवढा आनंद दिला नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. गावभागातलं आमचं घर खालचा मजला बुडेपर्यंत भरलं. आधी औषधं, मग घराचे कागद, मग आईचा देव्हारा असं वर नेता नेता लाकडी कपाट राहिलं, आणि अंकांचे सगळे गठ्ठे त्यातच होते. ओसरल्यावर दार उघडलं तर पानं सुटी होत नव्हती. विटेसारखा घट्ट गठ्ठा हातात आला. कार्बन कॉपीही त्यातच गेल्या. पत्रांची लोखंडी पेटी तेवढी वर होती, ती वाचली. सांगली नगर वाचनालयाचीही त्या पुरात फार हानी झाली, त्यामुळं तिथं जाऊन जुने अंक मागावेत अशी परिस्थिती नव्हती.

त्यानंतर वर्षभरानं एका प्रकाशकांनी ती कथा पुस्तकरूपात मागितली आणि माझ्याकडे तिचं एक पानही नव्हतं. तेव्हा पेटीतली पत्रं काढली आणि जुन्या पत्त्यांवर पोस्टकार्डं टाकली. बरीच परत आली. माणसं गेली असतील, घरं बदलली असतील. विट्याच्या त्या दोन शायांच्या बाईंचा मात्र मुलाकडून फोन आला. त्यांच्याकडे सगळं आहे. दर महिन्याच्या अंकातली पानं ब्लेडनं कापून, माझ्या झेरॉक्स शेवटी जोडून, त्यांनी बाइंडरकडून पुठ्ठ्याची बांधणी करून घेतली होती.

मी विट्याला जाऊन ते आणलं. पाठपोट केशतेलाच्या आणि लोणच्याच्या मसाल्याच्या जाहिराती, एका पानावर फोडणीचा डाग, आणि समासात पेन्सिलीनं खुणा. ज्या ज्या ठिकाणी भाऊ प्रेमानं बोलतो तिथं त्यांनी बारीक रेघ मारली होती. कचेरीच्या बाकापाशी मात्र एकही खूण नव्हती. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “तिथं काय खूण करायची? तिथं मीच बसले होते.”

त्याच बाडावरून सांगलीतल्या एका मुलानं मजकूर टाइप केला आणि पुस्तक निघालं. पुस्तकात मी काही बदललं नाही. नायिका सही करत नाही. पेवातल्या हळदीचा वाटा ती भावांना सोडते आणि वाड्यातल्या आईच्या खोलीवर आपलं नाव ठेवते. हप्त्यांच्या जागाही तशाच ठेवल्या, प्रत्येक ठिकाणी नवं पान.

विट्याच्या बाईंना हा शेवट तेव्हाही पटला नव्हता आणि आताही पटत नाही. त्यांचं म्हणणं, हळदीचा वाटा सोडायचं काही कारण नव्हतं; खोली मायेची आणि हळद पैशाची असं बाईनं का म्हणावं, दोन्ही बापाचंच. त्यांचा नवा युक्तिवाद मी लक्ष देऊन वाचला आणि त्याला उत्तरही लिहिलं. मला वाटतं माझी नायिका त्या घरात पुन्हा पाऊल ठेवायची वाट मोकळी ठेवते. त्यांना वाटतं मी तिला स्वस्तात सोडली. दुसऱ्या आवृत्तीत त्यांचं १९९८ चं पत्र त्यांच्या परवानगीनं पुस्तकाच्या शेवटी छापतोय, एक शब्द न कापता. दोन शायांचं ते छापता येत नाही, पण जिथं रंग बदलला तिथं आम्ही ओळ सोडली आहे.