पुडीसह

मादक पदार्थांच्या छाप्यात पोलिसांना दोन पंच लागतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. वजनकाटा घेऊन येणारा आणखी एक माणूसही लागतो, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. आमच्या भागात तो माणूस बहुतेक वेळा मीच असतो. सराफी पेढी, मिलीग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, त्यावर वैधमापनचा शिक्का. फोन येतो, "काटा घेऊन या." कुठे, ते सांगत नाहीत. दुकान अर्धा दिवस बंद, आणि पुढे कधीतरी समन्स आलं की पुन्हा बंद.

त्या संध्याकाळी गाडीतून उतरलो आणि तो पाठमोरा असतानाच मी त्याला ओळखलं. मोडलेल्या कानांवरून. खटला चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही. राष्ट्रीय स्पर्धेत दोनदा पदक मिळवलेला पैलवान. एका मैदानात त्याने जिंकलेली चांदीची गदा माझ्याच पेढीत घडली होती.

त्या गदेबद्दल सांगायलाच हवं. अशी गदा आतून लाकडाची असते, वरून चांदीचा पत्रा चढवलेला. गोलाकार डोक्यावर पत्रा सुरकुती न पडता बसवणं हे कारागिराचं खरं काम, आणि आमच्या कारागिराने ते फार सुरेख केलं होतं. सांधा बोटाला लागत नव्हता. पाच वर्षांनी तीच गदा चादरीत गुंडाळून तो दुकानात घेऊन आला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, नोकरीची फाइल कुठल्यातरी टेबलावर अडकली होती, दुखण्यावरच्या गोळ्या सुटत नव्हत्या. सत्काराच्या दिवशी फ्लेक्सवर ज्यांचे फोटो होते त्यांच्यापैकी एकानेही त्याचा फोन उचलला नव्हता, असं तो सांगत होता. मी गदा काट्यावर ठेवली. सहा किलोच्या वर भरली. मी म्हणालो, "यात चांदी आठशे ग्रॅमच्या आसपासच निघेल रे. लाकूड धरता येत नाही, निव्वळ धरावं लागतं." तो बराच वेळ गदेकडे बघत राहिला. मग विकून टाक म्हणाला.

त्याच्यानंतर मी त्याला पाहिला तो थेट त्या छाप्यात.

हवालदार हळूच म्हणाला, "पंजाबचा भोला आठवतो का? तोही पैलवानच." आठवत होता. जगदीश भोला, अर्जुन पुरस्कार मिळालेला, पोलीस खात्यात उपअधीक्षक झालेला. 2013 साली अमली पदार्थांच्या मोठ्या रॅकेटमध्ये पकडला गेला आणि 2019 मध्ये मोहालीच्या सीबीआय न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं. पण इथे समोर एक पुडी होती. भोलाचं नाव मला तिथे पटलं नाही.

काटा गाडीच्या बॉनेटवर ठेवा म्हणाले. मी नकार दिला. बॉनेट उतरतं असतं, काट्याचा बुडबुडा मधे येतच नाही. बंद टपरीचं बाकडं शोधलं, पाय फिरवून काटा सपाट केला, वारा लागू नये म्हणून काचेचं झाकण लावलं, तापायला पंधरा मिनिटं दिली. अधिकारी घड्याळ बघत होते. मग 50 ग्रॅमचं प्रमाणित वजन ठेवून आकडा दाखवला: 50.000. हे मी दर वेळी दोन्ही पंचांना वाकून बघायला लावतो. माझ्या काट्याबद्दल उद्या कोर्टात कुणी शंका घेतलेली मला चालत नाही.

पुडी ठेवली. एकात एक घातलेल्या दोन झिपच्या पिशव्या, त्यात पांढरे खडे. 51.310.

मी म्हणालो, रिकाम्या पिशवीचा धडा करून, म्हणजे तिचं वजन वजा करून, निव्वळ घेऊ. अधिकारी म्हणाले, "वाऱ्यात उडेल, सांडेल. एकच आकडा द्या." तेवढ्यात तो बोलला. हात मागे धरलेले, नजर काट्यावर.

"काका, पुडीसकट धरू नका. गदेचं लाकूड धरलं नव्हतं तुम्ही."

कुणी काही बोललं नाही. मी माझ्या चिठ्ठीवर "51.310 ग्रॅम, पुडीसह" असं लिहून दिलं. मेणबत्तीवर लाख वितळली, लेबलांवर सह्या झाल्या. पंचनाम्यात "51.310 ग्रॅम वजनाची एमडी" एवढंच उतरलं होतं. एमडी म्हणजे मेफेड्रोन, एक अमली पदार्थ. मी ते वाचलं. रात्रीचे अकरा वाजले होते. मी सही केली.

50 ग्रॅमचा अर्थ मला नंतर एका वकिलाने समजावला. एमडी 50 ग्रॅमच्या वर गेली की ती व्यावसायिक मात्रा. शिक्षा किमान 10 वर्षं, कमाल 20, आणि अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 37 मुळे जामीन जवळपास मिळतच नाही. खाली असेल तर कमाल 10, किमान काही नाही. भेसळ मात्र पूर्ण धरतात, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला आहे. पण प्लॅस्टिक म्हणजे भेसळ नव्हे. दुकानात येऊन मी तसल्याच मापाच्या दोन रिकाम्या पिशव्या काट्यावर ठेवल्या. 2.380. वजाबाकी कुणीही करू शकतो.

ऑगस्ट 2024 मध्ये विनेश फोगाट 50 किलो गटाच्या अंतिम लढतीआधी 100 ग्रॅमनी जास्त भरली आणि बाद झाली. रात्रभर घाम गाळला, केस कापले, तरी नाही उतरलं. दुकानात गिऱ्हाइकं म्हणत होती, शंभर ग्रॅमने काय होतं? मी गप्प राहिलो.

पोलिसांना त्या दिवशी आकडा मोठा दिसायला हवा होता, असं मला वाटतं. ते अधिकारी वाईट नाहीत, घाईत होते. पण वजनाच्या कामात घाई करणाऱ्याला मी प्रामाणिक म्हणत नाही, आणि त्या रात्री सही करणारा मीही त्यातच आलो.

गेल्या महिन्यात साक्ष झाली. बचावाच्या वकिलांनी विचारलं, "वजन निव्वळ होतं की पुडीसह?" मी चिठ्ठी दाखवली. "पुडीसह." सरकारी वकिलांचा चेहरा पडला. बाहेर पडताना अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मला झोप येत नाही ती वेगळ्याच गोष्टीमुळे. तो बोलला तेव्हा 50 हा आकडा मर्यादा म्हणून कुणीच उच्चारला नव्हता. आयुष्यभर अंगावरचे कपडे उतरवून काट्यावर उभा राहिलेला पैलवान सवयीने तसं बोलला असेल. गदेच्या वेळचं त्याच्या मनात सलत असेल. किंवा पुडी भरताना त्याने स्वतःच ती तोलली असेल, 50 च्या आत राहील अशी, आणि निव्वळ म्हणजे काय ते तो माझ्याच दुकानात शिकला असेल.

तो काय म्हणाला, हे कोर्टात मला कुणी विचारलं नाही. पिंजऱ्यातून तो माझ्याकडे बघत होता. मी तेवढंच सांगितलं, जेवढं विचारलं.