मेंटेनन्सचा हिशेब एक्सेलमध्ये: माझा शिकण्याचा क्रम

सोसायटीच्या ऑफिसात मेंटेनन्सचा हिशेब ठेवण्यासाठी एक्सेल शिकायचं असेल, तर फॉर्म्युल्यांपासून सुरुवात करू नये, असं माझं ठाम मत आहे. मी आधी मांडणी शिकले. वहीत आपण बारा महिन्यांचे बारा रकाने आडवे आखतो आणि पैसे आले की त्या चौकटीत आकडा मांडतो. एक्सेलमध्ये हीच सवय नडते. कुणी दोन महिन्यांचे पैसे एकदम दिले, कुणी अर्धेच दिले, की पावती नंबर आणि तारीख लिहायला जागाच उरत नाही.

म्हणून तीन शीट. ‘सभासद’मध्ये फ्लॅट नंबर, नाव, मासिक रक्कम. ‘जमा’मध्ये ए कॉलमला पावती नंबर, बीला तारीख, सीला फ्लॅट, डीला रक्कम आणि ईला रोख, चेक की यूपीआय. एक पावती म्हणजे एक ओळ. तिसरी ‘येणे’, ती फॉर्म्युल्यांवर चालते. सेल मर्ज करायचे नाहीत, कारण मग सॉर्ट अडतं. मध्ये रिकामी ओळही सोडायची नाही. यादी तिथेच संपली असं एक्सेल धरून चालतं.

फ्लॅट नंबर ३-१२ असा टाइप केला की एक्सेल त्याची ३ डिसेंबर ही तारीख करून टाकतं. नंतर फॉरमॅट ‘टेक्स्ट’ केला तरी मूळ नंबर परत येत नाही, ४५९९४ असा काहीतरी आकडा दिसतो. एक्सेल तारीख दिवसांच्या संख्येत साठवतं, १ जानेवारी १९०० हा दिवस १ धरून. विंगचं अक्षर आधी लावून सी-१२ लिहिलं की हा प्रश्न मिटतो. मग ‘जमा’मधल्या फ्लॅटच्या कॉलमवर डेटा व्हॅलिडेशनमधून ‘लिस्ट’ लावायची आणि सोर्स म्हणून ‘सभासद’मधला फ्लॅटचा कॉलम द्यायचा. मग यादीत नसलेला नंबर टाइप केला तरी एक्सेल तो स्वीकारत नाही. मात्र कॉपी-पेस्ट केलेला मजकूर ही तपासणी चुकवून आत शिरतो, हे लक्षात ठेवावं.

सगळ्यात जास्त वेळ तारखांना द्यावा. कॉम्प्युटरचं रीजन अमेरिकेचं असेल, तर १३/०४/२०२५ ही तारीख ओळखलीच जात नाही. ती मजकूर म्हणून सेलच्या डावीकडे चिकटते. ती निदान डोळ्यांना दिसते. खरा धोका ०५/०४/२०२५चा. ती ४ मे होऊन निमूटपणे उजवीकडे बसते आणि एप्रिलची पावती मे महिन्यात जाते. डावीकडच्या तारखा ‘टेक्स्ट टू कॉलम्स’च्या तिसऱ्या पायरीवर ‘डीएमवाय’ (दिवस-महिना-वर्ष) निवडून सुधारतात. उलटलेल्या मात्र पावतीपुस्तक समोर घेऊन एकेक दुरुस्त कराव्या लागतात. त्यामुळे विंडोजच्या सेटिंगमध्ये रीजन ‘इंग्लिश (इंडिया)’ आहे ना, हे पहिली नोंद करण्याआधीच पाहावं. त्याने रकमेतले स्वल्पविरामही लाखाच्या हिशेबाने, १,२५,००० असे पडतात.

रकमेच्या कॉलममध्ये फक्त आकडा. ‘२५००/-’ लिहिलं की तो मजकूर झाला आणि सम हे बेरजेचं फंक्शन त्याला वगळतं, तेही काही न सांगता. तपासायला सोपी युक्ती आहे: खालच्या स्टेटस बारवर राइट क्लिक करून ‘न्यूमरिकल काउंट’ चालू करा आणि रकमा निवडा. काउंट ६० आणि न्यूमरिकल काउंट ५८ दिसला, तर दोन रकमा मजकूर आहेत.

आता फॉर्म्युला. ‘येणे’मध्ये प्रत्येक फ्लॅटची जमा समइफ्सने काढायची, म्हणजे अट जुळणाऱ्या ओळींचीच बेरीज करणाऱ्या फंक्शनने. आधी बेरजेची रेंज, म्हणजे सेलचा पट्टा (‘जमा’ डी २ ते डी ५००), मग शोधायची रेंज (सी २ ते सी ५००), शेवटी या ओळीतला फ्लॅट नंबर. दोन्ही रेंज सारख्याच लांबीच्या हव्यात. रेंज निवडताच एफ ४ दाबून डॉलरची चिन्हं लावायची. काही लॅपटॉपवर त्यासोबत एफएन दाबावं लागतं. डॉलर नसतील तर फॉर्म्युला खाली ओढताना रेंजही एकेक घर खाली सरकते आणि वरच्या पावत्या गळतात. एररही दिसत नाही, फक्त भरलेल्या माणसाच्या नावावर बाकी दिसू लागते. अशी यादी नोटीस बोर्डावर लागली की भांडण ठरलेलं.

म्हणून ‘येणे’च्या वर एक ताळ्याचा सेल ठेवते: ‘जमा’मधली एकूण रक्कम वजा ‘येणे’मधल्या जमेची बेरीज. उत्तर शून्यच हवं. नसेल तर बहुतेक वेळा फ्लॅट नंबरमागे स्पेस राहिलेली असते. ट्रिम फंक्शनने ती जाते. हा सेल शून्य झाल्याशिवाय मी यादी छापत नाही.

छापताना पेज लेआउटमध्ये लँडस्केप, ‘प्रिंट टायटल्स’मध्ये शीर्षकांची ओळ आणि प्रिंटच्या स्क्रीनवर ‘फिट ऑल कॉलम्स ऑन वन पेज’. ‘बाकी’ (येणं वजा जमा) या कॉलमवर फिल्टर लावून ‘ग्रेटर दॅन ०’ दिलं की फक्त थकबाकीदार उरतात, तेवढेच छापायचे.